‘लुसिफर सॅम’: बोक्याच्या मागावर लावलेली गिटार

प्रश्न असा आला आहे: पिंक फ्लॉईड या ब्रिटिश रॉक बँडच्या पहिल्या अल्बममधलं ‘लुसिफर सॅम’ हे गाणं खरंच बँडचा गायक-गिटारवादक सिड बॅरेट याच्या पाळलेल्या मांजरावर आहे का? की मांजर हे नुसतं निमित्त, आणि आत नशा, सैतान, प्रेमातला कुणी तिसरा माणूस असं काही दडलंय? आणि मांजरावरच असेल, तर ते एखाद्या हेरपटासारखं का वाजतं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: हो. गाणं सियामी बोक्यावर आहे आणि त्यात लपवाछपवी काही नाही. पहिल्याच ओळीत त्याचं नाव आणि जात दोन्ही सांगून टाकली आहेत. मला जास्त रस आहे तो शेवटच्या प्रश्नात. मी गिटार वाजवतो, शिकवतो, आणि हे गाणं बऱ्याच पोरापोरींकडून बसवून घेतलं आहे. माझं मत असं की याची सगळी गंमत शब्द आणि वाजवणं यांच्यातल्या तफावतीत आहे. शब्दांत एक घर आहे, एक मुलगी आहे, तिला चिकटून बसलेला बोका आहे आणि थोडा वैतागलेला गायक आहे. वाद्यांमध्ये मात्र कुणीतरी कॉलर वर करून अंधाऱ्या गल्लीतून कुणाचा तरी माग काढतंय. एका बोक्यासाठी एवढा फौजफाटा! हसायचं ते यावर, आणि गंमत म्हणजे वाजवणारे चौघे जराही हसत नाहीत.

आधी काळ आणि माणसं बघू. सिडचं खरं नाव रॉजर कीथ बॅरेट, जन्म ६ जानेवारी १९४६, गाव केंब्रिज. १९६४ मध्ये तो चित्रकला शिकायला लंडनच्या कॅम्बरवेलला आला. रॉजर वॉटर्स, रिक राइट आणि निक मेसन आर्किटेक्चर शिकताना एकत्र आले होते, सिड त्यांच्यात येऊन मिळाला. डिसेंबर १९६६ मध्ये टॉटनहॅम कोर्ट रोडवर यूएफओ क्लब सुरू झाला आणि पिंक फ्लॉईड तिथला जवळजवळ घरचा बँड झाला. रात्रभर चालणारं लांबलचक वाजवणं, अंगावर आणि भिंतीवर वितळत्या रंगांच्या स्लाइड्स, असा तो मामला. १९६७ च्या सुरुवातीला ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने त्यांना करारबद्ध केलं आणि २१ फेब्रुवारीला ॲबी रोडच्या स्टुडिओत अल्बमचं काम सुरू झालं. निर्माता होता नॉर्मन स्मिथ. बीटल्सची ‘रबर सोल’पर्यंतची रेकॉर्डिंग इंजिनिअर म्हणून ज्याने केली, तोच हा माणूस. त्याच दिवसांत त्याच इमारतीत बीटल्सचं ‘सार्जंट पेपर’ चाललं होतं.

स्मिथ आणि सिड यांचं फारसं जमलं नाही. स्मिथला नीट बांधलेली तीन-तीन मिनिटांची गाणी हवी होती, आणि सिडला तेच गाणं पुन्हा जसंच्या तसं गायचा कंटाळा. चाहत्यांमध्ये स्मिथला शिव्या घालायची फॅशन आहे. मला ती पटत नाही. क्लबातल्या अर्ध्या तासाच्या धुक्याला त्याने कात्री लावली नसती, तर ‘लुसिफर सॅम’सारखं तीन मिनिटांत येऊन, ओरबाडून, निघून जाणारं गाणं आपल्या हाती आलंच नसतं. पूर्ण धुकं हवं असेल त्यांच्यासाठी त्याच अल्बमवर ‘इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह’ आहेच.

एप्रिलमध्ये या गाण्यावर काम सुरू झालं तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं: ‘पर्सी द रॅट कॅचर’. म्हणजे उंदीर पकडणारा पर्सी. त्यावर पाच सत्रांत ओव्हरडब, म्हणजे आधीच्या मुद्रणावर नवे थर, चढवले गेले, जूनच्या अखेरीस मिक्स झालं आणि तेव्हा कुठे ते ‘लुसिफर सॅम’ झालं. ५ ऑगस्ट १९६७ ला ‘द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन’ बाजारात आला. ‘ॲस्ट्रोनॉमी डॉमिनी’ संपतं आणि लगेच हे सुरू होतं. पहिलं गाणं ग्रह-उपग्रहांमधून फिरवून आणतं आणि दुसऱ्यात सरळ मांजराच्या वाळूच्या ट्रेपाशी आणून सोडतं. हा क्रम ज्याने लावला त्याला सलाम.

वाळूचं म्हटलं, तर शब्दांकडेच येऊ. शब्द इथे उतरवून काढत नाही, आशय सांगतो. पहिल्या कडव्यात: लुसिफर सॅम, सियामचा बोका, सतत तुझ्या शेजारी बसलेला. मग धृपदासारखी येणारी ओळ, की या मांजराचं मला काही उमगत नाही. इथे थांबा. गायक ‘माझ्या शेजारी’ म्हणत नाही, ‘तुझ्या’ म्हणतो. म्हणजे खोलीत तिघं आहेत. दुसऱ्या कडव्यात ती समोर येते. नाव जेनिफर जेंटल, आणि तिला थेट चेटकीण म्हटलंय. ती डावी बाजू, बोका उजवी बाजू, असं काहीतरी गायक पुटपुटतो. जेनिफर जेंटल म्हणजे सिडची एकेकाळची मैत्रीण, हे चाहत्यांनी लावलेलं अनुमान राहिलेलं नाही. बॅरेटवर लिहिणाऱ्या अनेकांनी ते नोंदवलंय. तेव्हा ‘तिसरा माणूस कोण’ याचं उत्तर सरळ आहे: तिसरा माणूस गायक स्वतःच. मुलगी आणि बोका यांची जोडी आधीच जमलेली आहे आणि हा बाजूला उभा राहून बघतोय.

ज्यांनी सियामी मांजर पाळलंय त्यांना यात गूढ काही वाटणार नाही. ही जात एका माणसाला धरून राहते. त्याच्या मागे मागे खोलीतून खोलीत जाते, त्याच्याशी मोठमोठ्याने बोलते आणि घरातल्या बाकीच्यांना भाडेकरूसारखं वागवते. मैत्रिणीच्या मांजराने आपल्याकडे ज्या नजरेने बघावं, त्या नजरेचं हे गाणं आहे.

तिसऱ्या भागात गायक तोडगा काढतो: जा, लुसिफर, समुद्रावर जा, जहाजावरचं मांजर हो, कुठेही जा. इथे शब्दांचा एक खेळ आहे, तो इंग्रजीतच ऐकावा. मला त्यातला व्यवहार आवडतो. बोक्याला नोकरी लावून देऊन घराबाहेर काढायचा बेत आहे! आणि जहाजावरच्या मांजराचं काम काय? उंदीर मारणं. म्हणजे जुन्या नावातला उंदीर पकडणारा पर्सी पुरता गेलेला नाही, या कडव्यात लपून बसलाय. ब्रिटिश मुलांना जहाजावरची मांजरं परीकथेतली वाटत नसत. १९४९ मध्ये यांगत्से नदीत ‘ॲमेथिस्ट’ या युद्धनौकेवर तोफांचा मारा झाला, नौका महिनोन्‌महिने अडकून पडली, आणि जखमी असूनही उंदीर मारत राहिलेल्या सायमन नावाच्या मांजराला डिकिन पदक, म्हणजे युद्धातल्या कामगिरीसाठी प्राण्यांना दिलं जाणारं पदक, मिळालं. हे पदक मिळालेलं ते एकमेव मांजर. सिड तेव्हा तीन वर्षांचा होता.

शेवटच्या कडव्यात रात्र. बोका फिरतोय, वाळू चाळतोय, जमिनीवर कुठेतरी दबा धरून बसलाय, आणि तू आसपास असलीस की सापडतो. ‘वाळू चाळणं’ यावर मी वाळवंट, काळ, वाळूचं घड्याळ अशी भाष्यं वाचली आहेत. अहो, मांजर रात्री वाळू कशासाठी चाळतं हे मांजर पाळणाऱ्याला विचारा. हा माझा अर्थ आहे, सिडने कुठे सांगितलेला नाही, पण मी त्यावर ठाम आहे.

आता सैतान आणि चेटकीण. ‘लुसिफर’ हे नाव ऐकून लोक काळ्या जादूकडे धावतात. इंग्लंडमध्ये मांजर आणि चेटकीण ही जोडी फार जुनी आहे, आणि सिड जिथे वाढला त्याच पूर्वेकडच्या भागात तिची कागदोपत्री नोंद आहे. १५६६ मध्ये केंब्रिजच्या शेजारच्या एसेक्स परगण्यात, चेम्सफर्डला, चेटूक केल्याच्या आरोपावरून बायकांवर खटला चालला. त्यात एका पाळीव मांजराचं नावही आलं: सेथन. म्हणजे सैतान. हे मांजर बोलतं, सांगितलेली कामं करून देतं आणि मोबदल्यात रक्ताचा थेंब मागतं, असे कबुलीजबाब नोंदवले गेले. एका बाईला फाशी झाली. पुढे १६४० च्या दशकात मॅथ्यू हॉपकिन्स नावाच्या स्वयंघोषित चेटकीण-शोधकाने याच पट्ट्यात हैदोस घातला. त्याच्या १६४७ च्या पुस्तिकेत चेटकिणींच्या अशा पाळीव साथीदारांची नावं दिली आहेत, त्यातलं एक आहे पायवॅकेट.

हे नाव लक्षात ठेवा. १९५८ मध्ये ‘बेल, बुक अँड कँडल’ नावाचा हॉलिवूडचा चित्रपट आला. किम नोव्हॅक त्यात आधुनिक न्यूयॉर्कमधली देखणी चेटकीण आहे, आणि तिच्या मांजराचं नाव पायवॅकेट. जात सियामी. म्हणजे तरुण, सुंदर, शहरी चेटकीण आणि तिच्या शेजारी सियामी मांजर हे चित्र १९६७ पर्यंत पडद्यावर येऊन गेलेलं होतं. सिडने तो चित्रपट पाहिला होता असा माझा दावा नाही. एवढंच म्हणतो की हे गाणं लिहायला कुणाला सैतानपूजक व्हायची गरज नव्हती, थिएटरचं तिकीट पुरलं असतं. लुसिफर या नावाचंही तसंच. डिस्नेच्या १९५० च्या ‘सिंडरेला’त सावत्र आईच्या बोक्याचं नाव लुसिफर आहे, आणि त्याला बघून कुठल्याही मुलाने देव पाण्यात घातल्याचं ऐकिवात नाही.

सियामी मांजराच्या दिसण्यानेही या सगळ्याला हातभार लावला असणार. इंग्लंडमध्ये ही जात पहिल्यांदा लोकांसमोर आली १८७१ मध्ये, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या मांजरांच्या प्रदर्शनात, आणि तेव्हा छापून आलेल्या वर्णनात या मांजराला थेट दुःस्वप्नाची उपमा दिली गेली होती. कारण शरीरशास्त्रातलं आहे. या जातीत रंग तयार करणारं विकर (एन्झाइम) उष्णतेत काम करत नाही. त्यामुळे उबदार अंग फिकट राहतं आणि थंड राहणारे भाग, म्हणजे तोंड, कान, पंजे, शेपटी, काळपट होतात. मुखवटा घातल्यासारखा चेहरा, त्यात निळे डोळे, अंधारात उजेड पडला की ते तांबूस चमकतात, आणि ओरडणं तान्ह्या बाळाच्या रडण्यासारखं. आपल्याकडे साधं काळं मांजर आडवं गेलं तरी लोक चार पावलं मागे फिरतात, तर हे ध्यान रात्री जिन्यात भेटलं तर काय होईल?

आता माझ्या आवडीचा भाग: आवाज. गाणं उघडतं ते मायनरमधल्या, पायरी पायरी खाली उतरणाऱ्या गिटारच्या रिफने, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीने. १९६७ मध्ये लंडनमध्ये हा आवाज कुणीही ऐकला असता तर त्याला पटकन आठवलं असतं ते सिनेमातलं आणि टीव्हीवरचं हेरांचं जग. त्या आवाजाचा पाया ‘पीटर गन’ या टीव्ही मालिकेसाठी हेन्री मॅन्सिनीने केलेल्या धूनने घातला, आणि १९५९ मध्ये डुएन एडीने ती गिटारवर वाजवून घराघरांत नेली. १९६२ मध्ये ‘डॉक्टर नो’मध्ये विक फ्लिकने जेम्स बाँडची धून वाजवली आणि खालच्या तारांवरची ठसठशीत गिटार म्हणजे ‘कुणीतरी कुणावर तरी पाळत ठेवतंय’ हा संकेत कायमचा ठरून गेला. १९६६ मध्ये टीव्हीवर ‘बॅटमॅन’ आला, नील हेफ्टीच्या धूनसह. सिडने हा तयार, सर्वांना कळणारा संकेत उचलला आणि तो बोक्याच्या मागे लावला.

कल्पना हवेत होतीच म्हणा. १९६५ च्या अखेरीस डिस्नेचा ‘दॅट डार्न कॅट’ आला होता. त्यात एफबीआयचे लोक एका बोक्याच्या मागावर रात्रभर गल्लीबोळांतून फिरतात, कारण एका अपहरणाचा धागा त्याच्या गळ्यात अडकलेला असतो. बोक्याची जात? सियामी. पुन्हा तेच सांगतो, सिडने तिथून घेतलं असं सिद्ध करता येत नाही. पण ‘सियामी बोक्याची हेरगिरी’ ही गोष्ट एलएसडीच्या धुंदीतच सुचू शकते, असं म्हणणाऱ्यांना हा कौटुंबिक विनोदी चित्रपट जरूर दाखवा.

ऐकलेली चीज उचलून तिला भलतीकडे नेणं ही सिडची सवयच होती. ‘इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह’चा उतरता रिफ कसा जन्मला? मॅनेजर पीटर जेनर ‘लव्ह’ या अमेरिकन बँडने गायलेलं ‘माय लिटल रेड बुक’ गुणगुणत होता, त्याचा सूर काही धड लागत नव्हता, आणि सिडने गिटारवर त्याच्यामागे जाता जाता नवंच काहीतरी काढलं. ‘मॅटिल्डा मदर’मध्ये त्याने हिलेर बेलॉकच्या मुलांसाठीच्या कवितांच्या ओळी घेतल्या होत्या. हक्कदारांनी परवानगी नाकारली तेव्हा नव्या लिहिल्या. अल्बमचं नाव तर केनेथ ग्रॅहमच्या ‘द विंड इन द विलोज’मधल्या एका प्रकरणाचं आहे, जिथे उंदीर आणि चिचुंद्रीसारखा मोल पहाटे नदीवर देवाला भेटतात. सिडची प्राण्यांकडे बघण्याची नजर या बालवाङ्मयातून आली आहे. प्राणी बोलत नसले तरी त्यांना स्वतःचे उद्योग असतात आणि माणसांनी त्यात फार डोकं घालू नये.

रेकॉर्डवर काय काय ऐकू येतं? सिडच्या गिटारवर एकोचा थर आहे. तो तेव्हा फेंडर एस्क्वायर वाजवायचा. तिच्यावर चकचकीत चंदेरी आवरण आणि गोल आरसे लावलेले, स्टेजवरच्या दिव्यांचे कवडसे पाडायला. एस्क्वायरला एकच पिकअप (तारांचं कंपन टिपणारा भाग) असतो, तोही ब्रिजपाशी, म्हणून आवाज टोकदार आणि कोरडा. त्याला जोड बिन्सन एकोरेकची. हे मिलानमध्ये बनणारं इटालियन यंत्र. टेपऐवजी त्यात फिरत्या धातूच्या चाकावर चुंबकीय तार गुंडाळलेली असते आणि भोवती चार प्लेबॅक हेड. चौथ्या हेडवरून येणारा प्रतिध्वनी साधारण ३०० मिलीसेकंदांनी मागे असतो. चाक अगदी एकसारखं फिरत नाही, त्यामुळे परत येणारा सूर किंचित डुलतो. हे डुलणं आजच्या स्वच्छ डिजिटल डिलेमध्ये मुद्दाम आणावं लागतं.

गाणं पुढे सरकतं तसा राइटचा ऑर्गन आणि तालवाद्यं दाट होत जातात, आणि मधल्या भागात बेसच्या तारांवर बो (व्हायोलिनचा गज) घासल्याचा खरखरता, कण्हल्यासारखा आवाज येतो. माझ्या कानाला सगळ्या गाण्यात मांजराच्या सर्वात जवळ जाणारी जागा तीच. कुणीही म्यॉव केलेलं नाही, हे महत्त्वाचं. दुसरा कुणी असता तर त्याने शेवटी मांजराचा आवाज टाकला असता आणि गाणं बालगीत झालं असतं.

बसवू पाहणाऱ्यांसाठी थोडं. नवशिके हटकून दोन गोष्टी करतात: डिस्टॉर्शन वाढवतात आणि घाई करतात. दोन्ही नको. पाठलाग करणारा धावत सुटला तर तो हेर कसला? ब्रिज पिकअप लावा, ॲम्प जेमतेम फुटेल इतपत ठेवा, उजवा हात ब्रिजकडे सरकवून जाडा पिक वापरा, म्हणजे तारेचा ठणका ऐकू येईल. डिले ३०० मिलीसेकंदांच्या आसपास, पुनरावृत्ती दोन-तीन, आणि थोडं मॉड्युलेशन. आधी डिले बंद ठेवून रिफ घोटा. एकोच्या आड लपलेली लयीतली चूक बँडसमोर उघडी पडतेच. बेस वाजवणाऱ्याला व्हायोलिनचा बो मिळाला तर उत्तम, पण इलेक्ट्रिक बेसचा ब्रिज जवळजवळ सपाट असल्याने मधल्या तारा बोला सापडत नाहीत. कडेच्या तारांवरच काम भागवायचं, आणि राळ भरपूर लावायची. ड्रमरला एवढंच सांगा की सिंबलवर झोपू नकोस, टॉमवर राहा. गाणाऱ्याने भीतीचा अभिनय करू नये. सिड ते गातो कसं? शेजाऱ्याच्या मांजराची तक्रार सांगावी तितक्या सपाटपणे. ते जमलं की निम्मं गाणं जमलं.

नशेबद्दल बोलायलाच हवं. सिड एलएसडी घेत होता, आणि १९६७ च्या उत्तरार्धात त्याची अवस्था झपाट्याने बिघडली, हे खरं आहे. जानेवारी १९६८ नंतर तो बँडबरोबर स्टेजवर आला नाही आणि एप्रिलमध्ये तो बाहेर पडल्याचं जाहीर झालं. लंडनमधल्या त्याच्या राहत्या जागेतल्या मांजरांना लोकांनी एलएसडी पाजल्याचे किस्सेही फिरतात. पण पाच सत्रांमध्ये थरावर थर चढवत, दोन-अडीच महिन्यांनी नाव बदलून पुरं केलेलं गाणं ही झटक्यात लागलेली तंद्री नसते. अल्बममधल्या ११ पैकी आठ गाणी एकट्या सिडची आहेत आणि ती रचताना त्याचं डोकं अत्यंत जागेवर होतं, असंच ती गाणी सांगतात. पुढच्या शोकांतिकेचा प्रकाश मागे टाकून प्रत्येक ओळीत वेडाची चिन्हं शोधणं मला नुसतं चूकच नाही, थोडं निर्दयही वाटतं.

‘कॅट’ म्हणजे जॅझवाल्यांच्या बोलीतला ‘गडी’, तेव्हा सॅम हा खरा पुरुष, मैत्रिणीचा दुसरा प्रियकर, असाही एक अर्थ लावला जातो. त्या बोलीशी सिड एका ओळीत खेळतो हे खरं, पण मग वाळू चाळणं आणि जहाजावरची नोकरी याचं काय करायचं? प्रियकराला कुणी उंदीर मारायला पाठवत नाही.

पुढे काय झालं, तर गाणं सिंगल म्हणून ब्रिटनमध्ये आलं नाही आणि सिड गेल्यावर पिंक फ्लॉईडने ते जवळजवळ विसरूनच टाकलं. जिवंत ठेवलं ते इतरांनी. इटलीतल्या पादुआच्या एका बँडने तर आपलं नावच जेनिफर जेंटल ठेवलं. एमजीएमटीने २०११ मध्ये जिमी फॅलनच्या कार्यक्रमात ते वाजवलं. आणि २०१८ मध्ये निक मेसनने केवळ फ्लॉईडची सुरुवातीची गाणी वाजवायला ‘सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ हा बँड काढला, तेव्हा ‘लुसिफर सॅम’ पुन्हा स्टेजवर आलं, तेही मूळ ड्रमरच्या हातून. राउंडहाउसमधलं त्यांचं ध्वनिमुद्रण मिळतं, ते ऐका. तिथे गिटार जास्त वजनदार आहे आणि हेरगिरीचा विनोद आणखी उघड होतो. मूळ अल्बम ऐकताना शक्य असेल तर मोनो मिक्स शोधा, २००७ च्या ४० व्या वर्षाच्या आवृत्तीत तो आहे. स्टीरिओत वाद्यं खोलीभर पांगतात, मोनोत सगळं एकत्र अंगावर येतं.

कुत्रेवाल्यांनी रुसू नये म्हणून एक शेवटची भर. पिंक फ्लॉईडने पाळीव प्राण्यावर दुसरं गाणंही केलं आहे: ‘शेमस’, १९७१ च्या ‘मेडल’ अल्बमवर. शेमस हा स्मॉल फेसेसवाल्या स्टीव्ह मॅरियटचा कुत्रा. गिटार वाजली की तो रडायला लागायचा, म्हणून सिडच्या जागी आलेल्या डेव्हिड गिल्मोरने त्याला सरळ रेकॉर्डवरच घेतलं. ‘लाइव्ह ॲट पाँपेई’ या बँडच्या मैफलीच्या चित्रपटासाठी तोच प्रयोग नॉब्स नावाच्या उंचापुऱ्या रशियन कुत्रीबरोबर झाला. गिल्मोर हार्मोनिका वाजवतोय, वॉटर्सच्या हातात गिटार, आणि राइट बिचारा तिच्या तोंडासमोर माइक धरून बसलाय. बघायला मजा येते. पण गाणं म्हणून ‘शेमस’ मी दोनदा लावणार नाही. तिथे खरा प्राणी आहे, खरा आवाज आहे, आणि त्याच्याबद्दल म्हणण्यासारखं बँडकडे काहीच नाही.